एका अजगराचे दोन नकाशे

२००८ साली अमेरिकेत एकाच सापाचे दोन नकाशे प्रसिद्ध झाले. फेब्रुवारीतल्या नकाशात बर्मी अजगराला मानवणारे हवामान पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअरपासून दक्षिणेला वळसा घालून थेट पश्चिमेच्या ऑरेगनपर्यंत पोहोचले होते. देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात येत होता. ऑगस्टमधल्या नकाशात तेच हवामान फ्लोरिडाचे दक्षिण टोक आणि टेक्ससची अगदी दक्षिणेची कड एवढ्यापुरते उरले होते. दोन्ही नकाशे शास्त्रीय नियतकालिकांत आले होते. दोन्हींमागचा विचारही सारखाच होता: साप मायदेशी ज्या हवेत राहतो, तशी हवा परक्या मुलखात कुठे आहे ते शोधायचे.

या वादात पुढे साप पाळणाऱ्यांच्या संघटना, वृत्तपत्रे, मंत्री आणि न्यायालये ओढली गेली आणि कोणी काय म्हटले होते याविषयी बरीच सरमिसळ झाली. मूळ कागद मात्र शाबूत आहेत. ते तारखांच्या क्रमाने वाचले की मतभेद नेमका कुठे होता हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

आधी साप तिथे पोहोचला कसा, ते पाहू. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशातली अजगराची पहिली नोंद १९७९ ची आहे. तो तिथे वीण करून स्थिरावला आहे, हे अधिकृतपणे मान्य व्हायला २००० साल उजाडले. लोकप्रिय कथा वेगळी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने सापांची पैदास करणारे एक केंद्र उद्ध्वस्त केले, साप सुटले आणि आजची सारी पिलावळ त्यांचीच, असे ती सांगते. वादळात साप सुटले असतील. पण १९७९ ची नोंद त्या वादळापेक्षा तेरा वर्षांनी जुनी आहे, त्यामुळे एकट्या वादळावर सारा भार टाकता येत नाही. आयातीचे आकडे जास्त बोलके आहेत. १९९६ ते २००६ या काळात पाळण्यासाठी म्हणून सुमारे ९९,००० बर्मी अजगर अमेरिकेत आणले गेले. त्यातले काही निसटणे आणि काही मालकांनीच कंटाळून सोडून देणे, दोन्ही स्वाभाविक होते.

आता पहिला कागद. लेखक गॉर्डन रॉडा, कॅथरीन जार्नेविच आणि रॉबर्ट रीड. संस्था यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे. नियतकालिक ‘बायोलॉजिकल इन्व्हेजन्स’. रॉडा यांनी ग्वाम बेटावरच्या तपकिरी वृक्षसर्पावर अनेक वर्षे काम केले होते. चुकून आलेल्या त्या सापाने बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले. परका साप पसरल्यावर काय होते, हे लेखकांपैकी एकाने आधीच पाहिलेले होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. त्यावरून त्यांच्या हेतूबद्दल तर्क करण्याचे मात्र कारण नाही, कारण पद्धत कागदावरच मांडलेली आहे.

पद्धत अशी. अजगराच्या आशियातल्या वस्तीच्या सीमेलगतची १४९ हवामान केंद्रे निवडली. प्रत्येक केंद्रातल्या बारा महिन्यांचे सरासरी तापमान आणि सरासरी पाऊस घेतला. एका अक्षावर तापमान, दुसऱ्यावर पाऊस, अशी आलेखावर बिंदूंची गर्दी केली आणि त्या गर्दीची बाह्यरेषा आखली. मग अमेरिकेतले जे जे ठिकाण बारमाही या रेषेच्या आत बसते, ते ‘हवामान जुळणारे’ ठरवले. थंडीतली शीतनिद्रा आणि कोरड्या दिवसांतली ग्रीष्मनिद्रा यांचीही तरतूद केली: साप जे महिने बिळात काढतो त्या महिन्यांना ही अट लावली नाही. शीतनिद्रेचा काळ कमी-जास्त धरून दोन पर्याय तपासले. नकाशात फारसा फरक पडला नाही. २१०० सालचे हवामान घातले तेव्हा मानवणारा प्रदेश आणखी उत्तरेला सरकून न्यूयॉर्क आणि इलिनॉयच्या काही भागांपर्यंत गेला.

सीमेवरचीच केंद्रे का, याचे उत्तर लेखकांच्या तर्कात आहे. साप कुठे सुखात राहतो, यापेक्षा तो कुठे थांबतो हे त्यांना हवे होते. आशियात दक्षिणेला आणि पूर्वेला तो समुद्राने अडतो, तेव्हा त्या बाजूंनी हवामानाची मर्यादा कळतच नाही. उत्तरेला थंडी आणि पश्चिमेला कोरडेपणा त्याला रोखतो, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे अमेरिकेबद्दलचे उत्तर मुख्यतः या दोन कडांवर अवलंबून होते.

इथे एक तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. लेखाने धरलेली वस्ती पाकिस्तानपासून पूर्वेला चीनपर्यंत आणि दक्षिणेला इंडोनेशियापर्यंत आहे. पाकिस्तानात बर्मी अजगर नाही. तिथे आहे तो आपला भारतीय अजगर. लिनेयसने १७५८ मध्ये नाव दिलेला ‘मोलुरस’ तो हाच. ‘बायव्हिटाटस’ म्हणजे बर्मी अजगर. त्याचे वर्णन कूलने १८२० मध्ये केले. २००८ साली दोघे एकाच जातीच्या दोन उपजाती मानले जात. त्यांना स्वतंत्र जाती ठरवणारा लेख २००९ मध्ये आला. म्हणून पहिल्या नकाशात दोघांचा मुलूख एकत्र धरला गेला, यात तेव्हाच्या वर्गीकरणाप्रमाणे चूक काहीच नव्हती. परंतु परिणाम मोठा होता. बर्मी अजगर मुख्यतः दमट प्रदेशातला. भारतीय अजगर मात्र राजस्थानातही राहतो, हिमालयाच्या पायथ्याशीही राहतो. थंड आणि कोरडी, या दोन्ही निर्णायक कडा बऱ्याच अंशी भारतीय अजगराच्या मुलखातून आलेल्या होत्या.

तो अजगर थंडी कशी काढतो, याची नोंद मुंबईहून निघणाऱ्या एका नियतकालिकात आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९८९ साली एस. भूपती आणि व्ही. एस. विजयन यांचा भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातल्या अजगरांवरचा लेख छापून आला. तिथले अजगर हिवाळ्यात साळिंदरांनी खोदलेल्या बिळांचा आश्रय घेतात आणि ऊन पडले की बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकतात. आता दोन मोजमापे शेजारी ठेवा. भरतपूरचे हवामान केंद्र सावलीतल्या पेटीत, जमिनीच्या वर, हवेचे तापमान मोजते. अजगर कडाक्याची रात्र जमिनीच्या पोटात काढतो. केंद्राचा आकडा बरोबर असतो, पण साप त्या आकड्यात राहत नाही. भरतपूरची हवा जिथे आहे आणि साळिंदराचे बीळ जिथे नाही, तिथे अजगर तगेल का, याचे उत्तर १४९ केंद्रांच्या आकड्यांत नव्हते.

दुसरा कागद ऑगस्ट २००८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. लेखक अलेक्झांडर पायरन, फ्रँक बर्ब्रिंक आणि टिमथी गायहर. तिघेही न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीशी संबंधित. शीर्षकातच त्यांनी म्हटले होते की अजगर अमेरिकाभर पसरेल या दाव्यांना अधिवासाची मॉडेले छेद देतात. त्यांचे हत्यार होते मॅक्सएंट. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापिरी यांनी ही पद्धत २००६ मध्ये सविस्तर मांडली होती. प्राणी जिथे सापडला ती ठिकाणे आणि आसपासच्या प्रदेशातली इतर ठिकाणे यांची तुलना करून, कोणत्या हवेला तो जास्त पसंती देतो हे ती शोधते आणि नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला एक गुण देते.

पायरन यांचा मुख्य आक्षेप सरासऱ्यांवर होता. महिन्याचे सरासरी तापमान सापाला मारत नाही. एखादी कडाक्याची रात्र मारते. एका महिन्यात वीस दिवस २० अंश आणि दहा दिवस ५ अंश असले तरी सरासरी १५ येते. तीसही दिवस १५ अंश असले तरीही १५च. आकडा एक, पण सापासाठी ते दोन वेगळे महिने आहेत. म्हणून त्यांनी सरासऱ्यांबरोबर टोकाची मूल्ये दाखवणारे घटकही घेतले आणि नकाशा आकसला. भविष्यातल्या तापमानवाढीबाबतही त्यांचा निष्कर्ष उलट होता: अनुकूल प्रदेश वाढण्याऐवजी अमेरिकेत आणि आशियातही घटेल.

या लेखातला एक युक्तिवाद मात्र जपून वाचायला हवा. आमचे मॉडेल अमेरिकेतला जो प्रदेश अनुकूल दाखवते, त्याच प्रदेशात साप आज आहेत, असे लेखक पुष्टीदाखल म्हणतात. पण साप दक्षिण फ्लोरिडात आहेत याचे एक साधे कारण असे की ते तिथेच सुटले. सुटल्याला जेमतेम दोन-तीन दशके झालेल्या सापाची आजची हद्द ही त्याची अंतिम हद्द मानता येत नाही. ताज्या आक्रमकाचा नकाशा आजच्या वस्तीशी तंतोतंत जुळला, तर त्यातून मॉडेल बरोबर असल्याचेही सिद्ध होत नाही आणि चूक असल्याचेही नाही.

आणखी एक गोष्ट. अशा मॉडेलांत ‘टोकाचे’ म्हणून जे घटक येतात, त्यांची वंशावळ कॅनबेऱ्यापर्यंत जाते. हेन्री निक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिथे बायोक्लिम ही संगणकप्रणाली घडवली. तिचा गाजलेला १९८६ चा लेखही सापांवरचाच होता. ऑस्ट्रेलियातल्या विषारी एलापिड सापांच्या नकाशासंग्रहात तो छापला गेला. ‘सर्वांत थंड महिन्याचे किमान तापमान’ हा त्या घराण्यातला एक घटक. पुढे वर्ल्डक्लिम या जागतिक संचात तो सर्वांना आयता मिळू लागला. पण हे किमानदेखील अनेक वर्षांच्या किमानांची सरासरी असते. तीस-चाळीस वर्षांत एकदाच येणारी हाडे गोठवणारी लाट त्यात दिसत नाही. सरासरीला आक्षेप घेणाऱ्यांच्या हातातही अखेर थोडी अधिक धारदार सरासरीच होती.

अशी लाट दीड वर्षाच्या आत आली. २ ते ११ जानेवारी २०१० या दहा दिवसांत दक्षिण फ्लोरिडात विक्रमी थंडी पडली. त्या वेळी एव्हरग्लेड्समधल्या दहा अजगरांच्या शरीरात आधीपासूनच रेडिओ प्रक्षेपक आणि तापमान नोंदवणारी उपकरणे बसवलेली होती. या वादातला हा सर्वांत मोलाचा पुरावा, कारण तो हवेचे नव्हे, सापाच्या शरीराचे तापमान सांगतो. फ्रँक मॅझॉटी आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. दहापैकी एकच अजगर वाचला. मेलेल्यांपैकी आठांच्या नोंदी ९ जानेवारीपर्यंत नेहमीसारख्या चढत-उतरत होत्या. ९ ते ११ च्या दरम्यान त्या खाली गेल्या आणि नंतर शरीर ऊब मिळवण्याची धडपड करत असल्याची खूण दिसत नाही. काही अजगर आसऱ्याला जाण्याऐवजी थंडीतच ऊन खायला उघड्यावर आले होते.

त्याच लेखातला दुसरा आकडा मात्र क्वचितच सांगितला जातो. उपकरण नसलेल्या ज्या ९९ अजगरांचे पुढे काय झाले ते ठरवता आले, त्यांपैकी ५९ जिवंत होते. एकीकडे दहात एक, दुसरीकडे शंभरात साठ. ही तफावत का, याचा एक तर्क करता येतो: उपकरण असलेला साप मेला तरी सापडतो, उपकरण नसलेला दाट गवतात मेला तर हाती लागत नाही, आणि बांधावर ऊन खात पडलेला जिवंत साप चटकन दिसतो. पण हा तर्क आहे. कागद एवढेच सांगतो की पुष्कळ मेले आणि पुष्कळ वाचले.

याच सुमारास एव्हरग्लेड्समधले दहा अजगर साउथ कॅरोलायनातल्या एका बंदिस्त, नैसर्गिक आवारात ठेवून मायकेल डॉर्कस आणि सहकारी प्रयोग करत होते. फ्लोरिडापेक्षा थंड हवा त्यांतल्या बहुतेकांनी बराच काळ सोसली. जानेवारी २०१० नंतर मात्र एकही उरला नाही. दोन्ही पक्षांनी या प्रयोगात आपापला पुरावा पाहिला. सरासरी थंडी चालते, हे एका पक्षाला दिसले. टोकाची थंडी चालत नाही, हे दुसऱ्याला.

नकाशे तोवर सरकारी फायलींत शिरले होते. २००९ मध्ये रीड आणि रॉडा यांनी नऊ महाकाय सापांच्या धोक्याचा जाडजूड अहवाल जिऑलॉजिकल सर्व्हेतर्फे सादर केला. हवामान जुळवणीची तीच रीत त्यातही होती. मार्च २०१० मध्ये या नऊ जातींना १९०० सालच्या लेसी कायद्याखाली ‘अपायकारक’ ठरवण्याचा प्रस्ताव निघाला. साप पाळणाऱ्यांनी दुसऱ्या नकाशाचा आधार घेतला. जानेवारी २०१२ मध्ये अंतिम नियम आला तेव्हा त्यात चारच जाती होत्या: बर्मी अजगर, पिवळा अ‍ॅनाकोंडा आणि आफ्रिकेतले दोन अजगर. त्याच महिन्यात डॉर्कस आणि सहकाऱ्यांचा आणखी एक लेख आला. एव्हरग्लेड्सच्या रस्त्यांवर रात्री दिसणारे रॅकून ९९.३ टक्क्यांनी, ओपॉसम ९८.९ टक्क्यांनी आणि रानमांजराच्या कुळातले बॉबकॅट ८७.५ टक्क्यांनी घटल्याचे त्याने दाखवले. साप उत्तरेला कुठवर जाईल याचा वाद चालू असताना तो आहे तिथे काय करतो आहे, याचा हा हिशेब होता. नियमाचा एक भाग पुढे न्यायालयात टिकला नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की मुख्य भूमीवरच्या राज्याराज्यांतली वाहतूक या कायद्याने रोखता येत नाही. तो निकाल कायद्याच्या शब्दांवर होता, नकाशांवर नव्हता.

शास्त्रज्ञांतला वादही मिटला नव्हता. २०११ मध्ये रॉडा, जार्नेविच आणि रीड यांनी ‘प्लॉस वन’मध्येच उत्तर दिले. त्याच अजगरासाठी त्यांनी मॅक्सएंटची अनेक मॉडेले चालवून पाहिली. निष्कर्ष असा की कोणती ठिकाणे घेतली, तुलनेसाठी पार्श्वभूमीचा प्रदेश कोणता धरला, इतर निवडी कोणत्या केल्या, यांतल्या बदलांनी उत्तर फार हलते. त्यांनी मांडलेला आणखी एक मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. मॅक्सएंट प्राण्यासाठी एकच आदर्श हवामान शोधू पाहते, पण उत्तरेची सीमा थंडीने आणि पश्चिमेची कोरडेपणाने ठरत असेल, तर असे एकच आदर्श हवामान असतेच असे नाही. हा लेख प्रतिपक्षाचा आहे हे विसरायचे नाही; पण निवडींनुसार उत्तर हलते हा त्यातला मुद्दा त्यांच्या स्वतःच्या १४९ केंद्रांनाही लागू पडतो. कोणती केंद्रे सीमेवरची, हे ठरवणे हीसुद्धा निवडच होती.

मग २०१८ मध्ये अनपेक्षित दिशेने एक कागद आला. मार्गारेट हंटर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण फ्लोरिडातल्या सुमारे ४०० अजगरांची जनुकीय तपासणी केली. त्यांतल्या १३ जणांच्या मायटोकाँड्रियात भारतीय अजगराची खूण सापडली. म्हणजे ‘बर्मी’ म्हणून ज्याच्याविषयी वाद चालला होता त्या कळपात दुसऱ्या अजगराचे रक्त आधीपासूनच होते. हा संकर अमेरिकेत येण्यापूर्वीच, पाळीव पैदाशीत झालेला असणेही शक्य आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात २०१० च्या थंडीआधीच्या आणि नंतरच्या अजगरांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले आणि नैसर्गिक निवडीच्या खुणा आढळल्या; त्यांत तापमान सोसण्याशी संबंधित जनुकेही होती. आशियातल्या नोंदींवर बेतलेली दोन्ही मॉडेले गृहीत धरत होती की साप इथेही तोच, तसाच राहील. ते गृहीतकच आता पातळ झाले.

या सगळ्यानंतर २०२३ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या पुढाकाराने तोवरच्या ज्ञानाचा एकत्रित आढावा निघाला. त्यानुसार अजगर अजूनही दक्षिण फ्लोरिडात आहे आणि उत्तरेला सरकतो आहे. समोर असलेला अजगर शोधणाऱ्याला दिसण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे, असेही त्यात नमूद आहे. हा आकडा दोन्ही नकाशांपेक्षा महत्त्वाचा म्हणावा लागेल. शंभरातले नव्याण्णव साप दिसतच नसतील, तर ‘इथे आढळला नाही’ या नोंदीला किती किंमत द्यायची? अधिवासाच्या मॉडेलांचा कच्चा माल म्हणजे सापडल्याच्या नोंदी, आणि त्या जितक्या सापाच्या असतात तितक्याच रस्त्यांच्या, बांधांच्या आणि शोधणाऱ्यांच्या सवयींच्याही असतात.

कोण जिंकले, असे विचारले तर कागद दोघांनाही पूर्ण कौल देत नाहीत. फेब्रुवारीचा लेख ‘साप इथवर पोहोचेल’ असे म्हणत नव्हता. ‘महिन्याची सरासरी हवा इथवर जुळते’ एवढेच म्हणत होता. वृत्तपत्रांत पहिल्या वाक्याचा अर्थ दुसऱ्या वाक्याला लागला. ऑगस्टच्या लेखाने सरासरीतली उणीव अचूक हेरली आणि जानेवारी २०१० ने तिचा प्रत्यय दिला. पण वाचलेले ५९ अजगर आणि बदललेली जनुके सांगतात की आजची हद्द कायमची मानणेही घाईचे होते. दोन्ही लेखांत नव्हते ते बीळ. हिवाळ्यात सापाला जमिनीखाली किती खोल जाता येते, तिथे पाणी किती वर आहे, त्याच्यासाठी खोदणारे दुसरे जनावर आसपास आहे का, हे हवामानाच्या कोणत्याही थरात नोंदलेले नसते.

म्हणून ‘अनुकूल अधिवासाचा’ कोणताही नकाशा हाती आला की रंग पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणाच्या नोंदींवरून, कोणत्या काळाच्या सरासरीवरून, आणि कोणत्या कडेपासून. फेब्रुवारी आणि ऑगस्ट २००८ च्या दोन्ही लेखांत या तिन्हींची उत्तरे छापलेली होती. पुढे नकाशे तेवढे फिरत राहिले आणि ती उत्तरे लेखांतच राहून गेली.